लपवलेले पैसे कुणापासून?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरात म्हातारं माणूस गेलं, की तेरावं आटोपल्यावर आणि मुंबईकर परतीच्या गाडीला निघण्याआधी ट्रंक उघडली जाते. लुगड्यांच्या घड्यांतून, वाकळीच्या अस्तरातून, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातून, कधी तांदळाच्या डब्याच्या तळातून पुरचुंडी निघते. शंभराच्या, पन्नासाच्या नोटा, मधूनच पाचशेची घडी, आणि दुर्दैव असेल तर २०१६ मध्ये मेलेल्या नोटा. मग ठरलेलं वाक्य येतं, "म्हातारेन पैशे लपवन ठेवल्यान, आमका एका शब्दान सांगूक नाय." त्यावर सगळे हसतात, एखादी सून हसत नाही.

या हसण्यामागे एक पक्का समज आहे. म्हातारी माणसं अडाणी, म्हणून बँकेला भितात. पैसा घरात कुजवतात. आणि ज्यांनी त्यांना सांभाळलं त्यांच्यावरच अविश्वास दाखवतात. अर्थसाक्षरतेच्या व्याख्यानांतही हाच सूर असतो, फक्त भाषा सभ्य असते. मला हा समज मान्य नाही. त्यात खरं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. घरातल्या नोटेला व्याज नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत तिची किंमत निम्मी होते. शिवाय आपल्या दमट हवेत कागद टिकत नाही, वाळवी तर चिरेबंदी घरालाही सोडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सलग सर्वांत मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. वाळवीला हे कोष्टक ठाऊक नसतं.

एवढं मान्य. पण यावरून म्हातारी अडाणी ठरते का?

बँकेच्या भीतीपासून सुरू करू. पेण अर्बन बँक २०१० मध्ये बुडाली तेव्हा रायगडातल्या ठेवीदारांनी काय भोगलं, हे कोकणात कुणाला नव्याने सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खात्यात कितीही असो, हातात सुरुवातीला हजार रुपयेच मिळतील असं सांगण्यात आलं. या बँकेचं मुख्यालय होतं भांडुपला, म्हणजे सिंधुदुर्गाचा नववा तालुका म्हणावा इतकी आपली माणसं जिथे राहतात तिथे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया सहकारी बँकेपुढे पुन्हा तशाच रांगा लागल्या. ठेवींवरचा विमा १९९३ पासून एक लाखावर अडकला होता, तो पाच लाखांवर यायला २०२० उजाडलं. ज्या बाईने हे सगळं मुलांच्या तोंडून ऐकलं, तिने चार पैसे घरात ठेवले तर त्याला अनुभव म्हणतात. हाच निर्णय एखाद्या शेअरदलालाने घेतला असता तर त्याला जोखीम-व्यवस्थापन म्हटलं असतं.

"पण घरात ठेवलेलं माणसाबरोबर विसरलं जातं," असं म्हणणाऱ्यांनी बँकांचा हिशेबही पाहावा. दहा वर्षं कुणी विचारलं नाही अशा ठेवींचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. ते शोधता यावेत म्हणून २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढावं लागलं. विसरायचं तर माणूस बँकेतही विसरतो. ट्रंकेतलं निदान तेराव्याला सापडतं.

रोकड हाताशी असावी हे किनाऱ्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. अशा होडीवर जाणाऱ्याचं घर असो, नाहीतर बाजारात पाटी घेऊन बसणारीचं, ते दोन महिने आधीच्या पैशांवर निघतात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मालवण तालुक्यातल्या बऱ्याच गावांत वीज कित्येक दिवस आली नाही, मोबाइलही मुके झाले. त्या दिवसांत दुकानदार क्यूआर कोड दाखवत नव्हता, हात पुढे करत होता. आणि मागे गेलं तर १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी गिरणी संप सुरू झाला आणि गावाकडच्या मनीऑर्डरी हळूहळू आटल्या. त्या वर्षांत चूल कशावर पेटली, हे त्या पिढीतल्या बायकांना विचारा.

आता मुख्य मुद्दा. पैसे लपवले जातात ते कुणापासून? चोरापासून म्हणावं, तर या गावांत दारं दिवसभर उघडी असतात आणि शेजारीण थेट स्वयंपाकघरापर्यंत येते. पैसे घरच्यांपासून लपवले जातात, आणि ते तसे का लपवावे लागले हा प्रश्न हसणाऱ्यांना टाळायचा असतो.

चाकरमान्याची मनीऑर्डर यायची ती सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावावर. घर सांभाळणारी बाई त्या पैशांची मालकीण कधीच नव्हती, फार तर खर्च करणारी. तिचे स्वतःचे पैसे वेगळ्या वाटांनी यायचे: काजूबी विकून, सोलं घालून, नारळ उतरवले की त्यातले चार बाजूला काढून, अंडी विकून, खारवलेले बांगडे नि सुकट बाजारात नेऊन. घरात हे पैसे दिसले की त्यांना ताबडतोब धनी फुटायचा. कुणाची फी, कुणाचा हप्ता, कुणाची दारू. ते दिसू न देणं एवढाच त्यांच्यावर हक्क सांगायचा मार्ग होता. मुलीच्या बाळंतपणाला काही द्यायचं, देवळात नवस फेडायचा, स्वतःच्या मरणाचा खर्च कुणावर पडू नये म्हणून ठेवायचे. यासाठी कुणापुढे हात पसरायचा नसेल तर पैसा झाकलेलाच हवा.

आज तिच्या नावावर बँकेत खातं आहे, मग काय अडचण, असं विचारलं जातं. ते खातं एकदा नीट पाहा. पासबुक मुलाकडे, एटीएम कार्ड सुनेकडे, आणि ओटीपी जातो डोंबिवलीच्या नातवाच्या मोबाइलवर. पेन्शन कधी जमा झाली हे तिला दुसऱ्यांकडून कळतं. तिला हजार रुपये हवे असतील तर "कशाक होये?" या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागतं. देवबागसारख्या टोकाच्या गावातून एसटी पकडून मालवणला जायचं, तर सोबत कुणी लागतं, आणि सोबत आलेला माणूस स्लिपवरचा आकडा वाचतो. असं खातं नावाने तिचं, व्यवहाराने कुटुंबाचं. डबा मात्र पूर्ण तिचा. त्याला 'कशाला' विचारणारा काउंटर नाही.

म्हणून "आमच्यावर विश्वास नव्हता" ही तक्रार मला उलटी वाटते. विश्वास नव्हता हे खरंच असेल. तो का नव्हता, याचा जबाब तक्रार करणाऱ्याने द्यायचा, गेलेल्या बाईने नाही.

राहिला काळ्या पैशाचा आरोप. नोटाबंदीच्या वेळी तो फार जोरात झाला. घरात किती रोकड ठेवावी याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. विचारलं तर ती आली कुठून हे सांगता आलं पाहिजे, इतकंच. नोटाबंदीत एका गृहिणीने भरलेल्या सुमारे दोन लाखांवर आयकर खात्याने बोट ठेवलं, तेव्हा आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये निकाल दिला, की गृहिणींनी त्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची बचत बेहिशेबी उत्पन्न धरू नये. सुमारे १५.४१ लाख कोटींच्या बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये जाहीर केलं. लबाडांचं धन वाटा काढून आत गेलं. बाहेर राहिले १०,७२० कोटी, त्यांत अशा माणसांचेही पैसे. तमिळनाडूत तिरुप्पूरजवळच्या दोन वृद्ध बहिणींना नोटाबंदीची खबर लागली ती २०१९ मध्ये, एकीच्या औषधपाण्यासाठी आपले साठवलेले ४६,००० रुपये बाहेर काढले तेव्हा. राजस्थानात कोट्याजवळ दोन अनाथ भावंडांना आईवडिलांच्या बंद घरात ९६,५०० रुपये सापडले, तेव्हा बदलून घेण्याची मुदत संपली होती आणि रिझर्व्ह बँकेने नकार दिला. वर २०१७ चा कायदा असा, की दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ असतील तर दहा हजारांपर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जास्त तो दंड. आजीची पुरचुंडी सोडणारा नातू कागदोपत्री गुन्हेगार! लपवणाऱ्या बाईची चूक असेल, पण रात्री आठला टीव्हीवर सांगून पन्नासेक दिवसांत पैसा रद्द करणाऱ्या व्यवस्थेने तिला अडाणी म्हणू नये. दोन हजारांच्या नोटेचं मात्र बरं आहे. ती सापडली तर अजून चलन आहे, आणि पोस्टातून रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे पाठवून खात्यात जमा करून घेता येते. आपल्याला जवळची पणजी त्या एकोणीस कार्यालयांत नाही, बेलापूर किंवा मुंबईच.

सापडलेल्या पैशांचं काय? इथे हसणारी मंडळी एकदम गंभीर होतात. ज्याच्या हाताला ट्रंक लागली त्याचे, किंवा जो घरात राहिला त्याचे, किंवा "कार्याच्या खर्चात वळते करू." हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ स्पष्ट आहे. बाईच्या ताब्यातली मालमत्ता ही तिची संपूर्ण मालकीची, आणि मृत्युपत्र नसेल तर ती नवरा, मुलगे आणि मुली यांना सारखी जाते. म्हणजे पेडण्याला दिलेल्या मुलीचाही त्या पुरचुंडीत तेवढाच वाटा आहे जेवढा परळच्या मुलाचा. ट्रंक उघडायची तर ती आल्यावर, सगळ्यांसमोर, आणि नोटा ओट्यावर मोजून.

आणि जी म्हातारी अजून आहे, तिच्याशी आज काय करायचं? तिचा डबा शोधू नका, आणि "आमच्या जॉइंट खात्यात टाक" असंही म्हणू नका. तिचं एकटीचं खातं असू दे. कार्ड तिच्या ट्रंकेत, मोबाइल नंबर तिचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, ते कुणाचं हे तिने ठरवावं. पावसाळ्यापुरती रोकड घरात राहू दे, पण नोटा बदलल्या किंवा बंद झाल्या तर ते तिच्या कानावर घालणारं माणूस हवं. आणि ठेवा कुठे आहे हे एका माणसाला ठाऊक असावं, एवढंच तिच्याकडे मागा. ते माणूस कोण, हेही तिनेच सांगायचं. ती शेजारच्या घरच्या बाईचं नाव घेईल, नाहीतर मुलीचं. मुलग्याला राग येईल. येऊ दे.