हवेचे मोजमाप कोणासाठी?

नैऋत्य मोसमी वारे माघारी फिरले की महाराष्ट्रातील हवा संथ होते. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतचा हवेचा थर वरच्या थरापेक्षा थंड राहतो आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व जळत्या कचऱ्याची राख यांना वर निसटून जायला वाट उरत नाही. तापमानाच्या या उलट्या रचनेला व्युत्क्रमण म्हणतात, आणि दिवाळी त्याच्या आरंभीच येत असल्याने फटाक्यांचा धूर या साचलेल्या हवेतच मिसळतो. अलीकडे याच दिवसांत घरगुती हवामापक यंत्रांच्या आणि हवा शुद्ध करणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातीही जोर धरतात. आपण कोणती हवा श्वासात घेतो हे जाणून घेण्याची इच्छा स्वागतार्हच आहे. मात्र मोजमापाचा हा बाजार जिकडे वाढतो आहे तिकडेच त्याची सर्वाधिक निकड आहे का, हे सणाच्या अंकातही विचारले पाहिजे.

वायुसंवेदक म्हणजे हवेतील एखाद्या वायूचे प्रमाण विद्युत संकेतात उतरवणारे साधन. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणाऱ्या यंत्राचे मूळ जपानमधील नाओयोशी तागुची यांच्या १९६०च्या दशकातील संशोधनात आहे. तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्राणवायू इलेक्ट्रॉन धरून बसतो, ज्वलनशील वायू आला की त्याची त्या प्राणवायूशी अभिक्रिया होऊन इलेक्ट्रॉन मोकळे होतात, विद्युतरोध घटतो आणि घंटा वाजते. विषारी वायूंसाठी विद्युत-रासायनिक घट आणि कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांचे शोषण या पद्धती पुढे रुळल्या, तर पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूलिकण स्वस्त यंत्रांत लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाजले जातात. येथे अंदाज हाच शब्द योग्य आहे, कारण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा दाखवते. म्हणूनच कोकणपट्टीत अशा यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण यंत्राशी वेळोवेळी ताडून केलेली दुरुस्ती, टाळून चालत नाही. विद्युत-रासायनिक घट तर दोन-तीन वर्षांत निकामी होतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

आकडा अचूक असला तरी त्याचा अर्थ मोजपट्टीवर अवलंबून असतो. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ ही भारताची चोवीस तासांची मर्यादा असून २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात ती १०० म्हणजे ‘समाधानकारक’ ठरते. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५०च्या पुढे, आरोग्यास अपायकारक वर्गात जाते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मार्गदर्शक मर्यादा केवळ १५ आहे. एकाच शहराबद्दल दोन ॲप वेगवेगळे आकडे सांगतात तेव्हा नागरिकाचा मोजमापावरचाच विश्वास उडतो, आणि अशा वेळी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेल्या ‘सफर’सारख्या सार्वजनिक व्यवस्थेचे मोल कळते. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या ठिकाणी संवेदक बसवणे बंधनकारक केले, हे पाऊल योग्यच होते; पण ज्याने धूळ उडवायची त्याच्याच ताब्यात तिचा हिशेब राहणार असेल, तर त्या नोंदी शेजारच्या वस्तीला खुल्या असल्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही.

या सगळ्याहून तातडीची जागा मात्र रस्त्याखाली आहे. मैलापाणी प्राणवायूविना कुजते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये खाली साचून राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, परंतु प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांपर्यंत पोचले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे धोका जीवघेणा होऊ लागतो त्याच वेळी त्याची खूण नाहीशी होते. आत उतरलेला कामगार कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परतत नाही, असे वृत्त मराठी वाचकाने अनेकदा वाचले आहे. येथे माणसाच्या इंद्रियावर विसंबता येत नाही. प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे, कमरेला अडकवता येईल असे यंत्र बाजारात कधीचे उपलब्ध आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती सरकारी यंत्रणेइतकीच खाजगी व्यक्तीलाही लागू आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. ज्या समाजात दिवाणखान्यातील हवा मोजण्याचे यंत्र हौसेने घेतले जाते, तेथे मॅनहोलच्या तोंडाशी यंत्र नसावे, याला तंत्रज्ञानाची उणीव कारण नाही. उतरणाऱ्याच्या जातीकडे आणि गरिबीकडे पाहून त्याच्या श्वासाची किंमत कमी धरली गेली आहे.

स्थानिक संस्थांनी मलनिस्सारणाच्या प्रत्येक निविदेत कॅलिब्रेशन केलेल्या वायुमापकाची आणि त्याच्या नोंदी जाहीर करण्याची अट घातली पाहिजे. वाचकांनीही आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा: टाकी उपसायची असेल तेव्हा यंत्राची गाडीच बोलवावी, आणि कितीही घाई असली तरी कोणालाही आत उतरू देऊ नये.