घरचे कसब : गच्चीवरील ओट्याचा गोल काठ

दिल्लीतील पहाडगंज हे नाव महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्याला अपरिचित नसते. बृहन्महाराष्ट्र भवन तेथे आहे, नूतन मराठी शाळा तेथे आहे आणि नवी दिल्ली रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. मात्र या जुन्या, दाट वस्तीत घरापुढे बाग मिळणे कठीण. गल्लीत ऊन शोधावे लागते. बाग करावयाची ती गच्चीवरच. अशा गच्चीवर चार कुंड्या आणि बसण्यास फळ्यांचा एक बुटका ओटा एवढे झाले, तरी थंडीच्या दिवसांत सारे कुटुंब तेथे उन्हाला बसते.

हा ओटा बहुधा चौकोनी करतात. परंतु अरुंद गच्चीत त्याचा पुढे आलेला कोपरा धावणाऱ्या मुलाच्या नडगीला आणि अंधारात कपडे काढावयास आलेल्या आजीच्या पायाला नेमका लागतो. काठाला वळण दिले, तर हा कोपरा पुष्कळ बोथट होतो. तेव्हा गोल काठ ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे.

प्रथम जागा ठरवावी. ओटा कठड्याला लागून कधीही करू नये. ओटा सहा इंच उंच असेल, तर त्यावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी कठडा सहा इंचांनी बुटका होतो, हे ध्यानात ठेवावे. दिल्लीत जिन्याच्या डोक्यावरील खोलीला ‘ममटी’ म्हणतात. तिच्या भिंतीशी ओटा घ्यावा. गच्चीत खिळा किंवा स्क्रू मुळीच ठोकू नये, नाहीतर पहिल्याच पावसात खालच्या घराचे छत गळू लागेल. वाशांखाली रबराचे तुकडे ठेवावेत, म्हणजे पाण्याची वाट मोकळी राहते. एक घनफूट ओल्या मातीचे वजन सुमारे ५० किलो भरते. यास्तव मोठ्या कुंड्या ओट्याच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात. घर जुने असेल, तर आधी जाणकाराकडून छत तपासून घ्यावे.

आता वळणाची आखणी. समजा, ओटा भिंतीशी १० फूट लांब आहे, दोन्ही टोकांना २ फूट आणि मध्यावर ४ फूट रुंद आहे. म्हणजे जीवा १० फूट आणि फुगवटा २ फूट. जिवेच्या अर्ध्याचा वर्ग २५, फुगवट्याचा वर्ग ४. त्यांची बेरीज २९. तिला फुगवट्याच्या दुपटीने, म्हणजे ४ ने भागले की त्रिज्या ७ फूट ३ इंच येते. वर्तुळाचा मध्य मात्र भिंतीच्या पलीकडे पडतो, त्यामुळे खिळा आणि दोरी येथे निरुपयोगी ठरतात. त्याऐवजी मध्यापासून दोन्ही बाजूंना दर फुटावर जिवेपासून पुढील मापे घ्यावीत : मध्यावर २४ इंच, १ फुटावर २३ इंच १ सूत, २ फुटांवर २० इंच ५ सूत, ३ फुटांवर १६ इंच २ सूत, ४ फुटांवर साडेनऊ इंच, ५ फुटांवर शून्य. या प्रत्येक ठिकाणी भिंतीपासून पुढे येणारा एक वासा ठेवावा. वरील मापात २ फूट मिळविले की त्या वाशाची लांबी मिळते. असे ११ वासे लागतात आणि त्यांची टोकेच वळण दाखवितात. ही टोके वळणाला जुळतील अशी तिरपी कापावीत.

या टोकांवर काठपट्टी बसवावयाची. एक इंच जाडीची फळी येथे वाकत नाही, याचे कारण साधे आहे. या वळणात तिची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा सुमारे दीड इंच लांब व्हावी लागते. लाकूड ताण फार थोडा सोसते. म्हणून फळी तडकते. वाफ दिली की लाकूड दाब सोसू लागते. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी याच तत्त्वावर, बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी आवळून, १८५९ साली आपली प्रसिद्ध खुर्ची घडविली. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

घरी वाफेचा खटाटोप नको. सागाच्या दोन सूत जाडीच्या, साडेअकरा फूट लांबीच्या तीन पट्ट्या चिरून आणाव्यात. पहाडगंजच्या वाचकांना पंचकुइयाँ मार्गावरील फर्निचरच्या बाजारात कारागिराची चौकशी करता येईल. लाकडाची मोठी बाजारपेठ कीर्तीनगरला आहे. अशी पातळ पट्टी या वळणात हाताने, कोरडीच वाकते. पहिली पट्टी मध्यापासून टोकांकडे वाशांना स्क्रूने बसवावी. साग तेलकट असल्याने पट्ट्या थिनरने पुसून मग जलरोधक सरस लावावा आणि दुसरी व तिसरी पट्टी शिकंज्यांनी आवळून एक दिवस तशीच ठेवावी. तिन्ही मिळून एकच वाकडी फळी होते आणि ती पुन्हा सरळ होऊ पाहत नाही.

मग भिंतीला समांतर फळ्या, दोहोंत दीड-दोन सूत फट ठेवून, पुढे जरा लांबच बसवाव्यात. खालून काठपट्टीच्या कडेने पेन्सिल फिरवावी, रेघेच्या दोन सूत बाहेरून बारीक पात्याच्या करवतीने कापावे आणि कड कानशीने गोल करावी. स्क्रू न गंजणारेच घ्यावेत.

दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लगेच पावसाळा येतो. म्हणून उन्हाळ्यापूर्वी आणि पावसानंतर असे वर्षातून दोनदा बेलतेलाचा हात द्यावा. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत, मगच टाकावेत.

लाकडाला घाई सोसत नाही. दोन रविवार द्या, मापे दोनदा पडताळा, म्हणजे हिवाळ्यात त्या ओट्यावर बसून वाटाणे सोलताना श्रमाचे सार्थक झालेले दिसेल.