परवान्यावर 'पुरुष' लिहिलेले नाही

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत हंगामात जाऊन उभ्या राहा. कांदा निवडायला, गोण्या भरायला बाया आहेत. ट्रकच्या केबिनमध्ये बाई दिसते का? कारण विचारा, उत्तर तयार असते: जड गाडी बाईला झेपत नाही. डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर झेपते, तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही.

कायदा काय म्हणतो? १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार जड मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वय २० पूर्ण हवे आणि हलक्या गाडीचा परवाना निदान वर्षभर हाती हवा. वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण, चाचणी लागते. आठवी पासची अट २०१९मध्ये गेली. बाईला बंदी नाही.

परदेशात? २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यात ड्रायव्हरही आहेत. तिथे राहायला गेल्यावर आपला परवाना सहा महिनेच चालतो. पुढे ट्रकसाठी लेखी व प्रत्यक्ष परीक्षा, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचे शिक्षण आणि व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण. पुरुष असण्याची अट तिथेही नाही. रशियात बाईच्या आरोग्याच्या नावाखाली जड ट्रक चालवायला बंदी होती. तीही २०२१मध्ये उठली.

मग अडते कुठे? शिकण्यात. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर जातो, एक दिवस उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. मुलीला क्लीनर म्हणून कोण नेणार? रात्री ती थांबणार कुठे, संडासला जाणार कुठे? घरात जीप असली तरी चावी भावाच्या खिशात. म्हणजे पहिला परवानाच दूर. आणि मग हेच लोक 'अनुभव' मागतात!

एसटीने बायांसाठी अनुभवाची अट सैल केली, शिकवण्याची जबाबदारी स्वतः घेतली, २०१९मध्ये प्रशिक्षण सुरू केले. जून २०२३मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-जेजुरी गाडी चालवली. तमिळनाडूत वसंतकुमारी १९९३मध्येच सरकारी बसच्या ड्रायव्हर झाल्या होत्या. आपल्याला तीस वर्षे जास्त लागली, ती बायांच्या मनगटात जोर नव्हता म्हणून नव्हे. शिकवायला कुणी तयार नव्हते म्हणून.

म्हणून मैत्रिणींनो, मागणी स्पष्ट हवी. तालुक्याच्या गावी बायांना गाडीचे मोफत प्रशिक्षण, शिकण्याच्या काळात विद्यावेतन. बाजार समितीत आणि हमरस्त्यावर बायांसाठी संडास व मुक्कामाची खोली. जर्मनीच्या योजनेत ड्रायव्हरच्या जागांत बायांचा वाटा, आणि तो भरण्यासाठी आजपासून जड गाडीचे शिक्षण. नुसती 'महिलांनीही अर्ज करावा' ही ओळ आम्हाला नको. आम्हाला स्टिअरिंग हवे.