मैफल आणि मोडकें घर

जलसा संपला, श्रोते घरोघर गेले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, म्हणजे मागें काय उरतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. चार दिवस एखादी लकेर कानांत घोळते आणि मग तीही विरते. परंतु मेक्सिको शहरांत ४ नोव्हेंबर २०१९ रोजीं असा एक जलसा झाला कीं, त्याच्या मागें एक पडकें घर पुन्हा उभें राहावें, हा हेतु आधींच ठरला होता. त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गायिका होत्या नातालिया लाफूरकाद. त्यांचा जन्म १९८४ सालचा. बालपण वेराक्रूझ प्रांतांतील कोआतेपेक गांवीं गेलें. वडील हार्पसिकॉर्ड ह्या जुन्या युरोपीय वाद्याचे वादक, आई संगीतशिक्षिका. लहानपणीं घोड्याची लाथ डोक्यास लागून मुलगी जायबंदी झाली, तेव्हां आईनें संगीताच्याच साह्यानें तिला सावरलें. २००२ सालीं निघालेली त्यांची पहिली तबकडी आधुनिक सुगम गायनाची होती.  पुढें मात्र बाईंचें मन जुन्याकडे वळलें. २०१२ सालीं त्यांनीं आगुस्तिन लारा ह्या गतकालीन गीतकाराचीं गाणीं नव्यानें गायिलीं. २०१५ सालच्या त्यांच्या संग्रहाचें नांवच ‘मुळापर्यंत’ ह्या अर्थाचें आहे.

ह्या मुळांपैकीं एक म्हणजे वेराक्रूझचें लोकसंगीत, ‘सोन हारोचो’. स्पॅनिश, आफ्रिकी व मूळच्या रहिवाशांचें संगीत एकत्र मुरून तें झालें आहे. त्यांतील ‘हाराना’ हें गिटारीसारखें वाद्य एकाच लांकडांतून कोरून काढतात. त्यास बहुधा आठ तारा असतात. गांवांत ‘फांदांगो’ भरतो, तेव्हां मध्यें एक लांकडी चौरंग मांडतात. त्यावर नाचणाऱ्यांच्या टांचांचा ठेका हाच तेथील मृदंग! भोंवतीं वादक उभे राहतात, कोणी जुनें कडवें म्हणतो, कोणी आयत्या वेळीं रचलेलें म्हणून त्यास उत्तर देतो, आणि असें पहांटेपर्यंत चालतें. ह्यांत निव्वळ श्रोता असा कोणी नसतोच म्हटलें तरी चालेल. हें संगीत जपणारी व शिकविणारी एक संस्था त्या प्रांतांतील हाल्तिपान गांवीं आहे. सप्टेंबर २०१७ मधील भूकंपानें तिची वास्तु मोडकळीस आली. तिच्या उभारणीसाठींच बाईंनीं हा जलसा योजिला आणि त्यास ‘मेक्सिकोसाठीं एक गाणें’ अशा अर्थाचें नांव दिलें.

स्थळ होतें तेथील राष्ट्रीय सभागृह. १९५२ सालीं उघडलेल्या ह्या वास्तूंत सुमारें दहा हजार माणसें बसतात. येथेंच आमच्या मनांत एक शंका उभी राहते. जें संगीत अंगणांत सर्वांनीं मिळून करावयाचें, तें दहा हजार खुर्च्यांपुढें मांडलें, म्हणजे करणारे दहा आणि पाहणारे दहा हजार, अशी त्याची फाळणी होत नाहीं काय? ही शंका पोकळ नव्हे. देशोदेशींचीं लोकगीतें रंगमंचावर जाऊन शोभेचीं झालीं आहेत.

तथापि तिकडील श्रोतृवर्गाची एक रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्या बैठकींत रसिक मान डोलावतो, ‘वाहवा’ म्हणतो, पण गाणें गवयावर सोडतो. मेक्सिकोंत ओळखीचें गाणें सुरूं होतांच सभागृह तोंडानें साथ देऊं लागतें. गायिका मध्येंच थांबली, तरी ओळ थांबत नाहीं. अशा वेळीं तिकीट काढून आलेला मनुष्यही घटकाभर त्या चौरंगाभोंवतींच्या रिंगणांत येतो. आमच्या शंकेचें अर्धें उत्तर ह्यांत आहे.

उरलेलें अर्धें उत्तर पैशाच्या वाटेंत आहे. लोकांचें गाणें घेऊन कीर्ति मिळविणारे पुष्कळ असतात; त्या कीर्तीचें मोल गाण्याच्या घरीं परत पोंचविणारे विरळा. जलशापाठोपाठ २०२० सालीं त्याच नांवाचा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला, त्याचाही उद्देश हीच उभारणी. त्यास त्या सालचें सर्वोत्कृष्ट संग्रहाचें लॅटिन ग्रॅमी पारितोषिक मिळालें. पारितोषिक कपाटांत राहील. परंतु हाल्तिपानच्या छपराखालीं एखादें पोर हाराना जुळवावयास शिकेल, तर त्याच्या हातांतून तें गाणें आणखी एक पिढी चालेल.

रंगमंचानें गाण्यास मोठें करावें, पण त्याचें अंगण गिळूं नये, एवढेंच ह्यावरून आम्हांस सांगावयाचें आहे. आपल्या घरांतही आतां गाणें बहुतेक यंत्रांतूनच ऐकूं येतें. तें उत्तम असतें, ह्यांत संशय नाहीं. मात्र मोठ्या जलशाचीं तिकिटें काढतांना, घरांतलें कोणतें मूल पेटीवर बोटें फिरवूं पाहतें आणि आजीला येणारीं गाणीं कोणी शिकून घेतलीं आहेत काय, ह्याचीही चौकशी करावी. तिला तिकीट पडत नाहीं.