सहाशे तास आणि सात पौंड

१/१०
विमानविद्येचा इतिहास वैमानिकांच्या नावांनी गजबजलेला आहे. पण एकच इंजिन असलेल्या लहान विमानात बसणाऱ्याचा जीव एका साध्या प्रश्नावर टांगलेला असतो: हे इंजिन अजून भरवशाचे आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवले? त्या प्रश्नाचा हा धागा.

२/१०
१९२७ साली फ्रँक हॅलफर्ड यांनी डी हॅविलँड कंपनीसाठी ‘जिप्सी’ इंजिन रचले. चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या ‘पस मॉथ’मध्ये याच घराण्यातले इंजिन होते.

३/१०
हा विश्वास कमावण्यासाठी १९२८-२९ मध्ये एक जिप्सी इंजिन सीलबंद करून मॉथ विमानावर चढवले गेले. सुमारे नऊ महिन्यांत ते ६०० तास चालले. या काळात केवळ नित्याची देखभाल झाली. आतल्या भागांना कोणाचाही हात लागला नाही.

४/१०
मग सील तोडून इंजिन पूर्ण सुटे केले गेले. झिजलेले भाग बदलण्याचा खर्च निघाला जेमतेम सात पौंड. जाहिरातींनी ६०० हा आकडा गाजवला. इतिहासाने मात्र सात पौंड लक्षात ठेवायला हवेत. तास सांगतात की इंजिन चालले. ते कोणत्या अवस्थेत उरले, हे त्या बिलावरून कळते.

५/१०
ओव्हरहॉल म्हणजे हीच तपासणी, पुनर्बांधणीसह. प्रत्येक भाग सुटा करून धुणे, मायक्रोमीटरने मोजणे, क्रँकशाफ्टमधील अदृश्य तडे चुंबकीय पद्धतीने शोधणे, मर्यादेबाहेर गेलेले भाग बदलणे, जोडणी करून इंजिन चालवून पाहणे. त्यानंतर नोंदवहीत ओव्हरहॉलपासूनचे तास पुन्हा शून्यापासून मोजले जातात.

६/१०
पुढे उत्पादकांनी दोन ओव्हरहॉलमधील अंतराची शिफारस ठरवली. अनेक सेस्ना १७२ विमानांतील लायकमिंग ओ-३२० साठी ती साधारण २००० तास किंवा १२ वर्षे. पण रोज उडणारे प्रशिक्षण विमान आणि खाऱ्या हवेत महिनोन्‌महिने उभे असलेले विमान यांना एकच आकडा कसा पुरेल? उभ्या इंजिनातले तेल ओघळून जाते आणि कॅमशाफ्टला गंज चढतो. त्याचे तास कमी भरतात, आयुष्य मात्र सरत असते.

७/१०
शिवाय इंजिन उघडणे हेही निर्धोक नसते. दुसऱ्या महायुद्धात जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी ब्रिटिश कोस्टल कमांडच्या बाँबर विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढत आणि पुढे कमी होत. सुरळीत चाललेल्या यंत्राला हात लावण्याचीही किंमत मोजावी लागत होती.

८/१०
१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी दाखवले की विमानांच्या बहुसंख्य भागांना ठरावीक वयोमर्यादा लावून फायदा होत नाही. पिस्टन इंजिनाचे सिलिंडर मात्र वापराने झिजतातच. म्हणून तासांना अर्थ आहे. पण एकट्या तासांवर निकाल देणे अपुरे आहे.

९/१०
यावरचा आक्षेप वजनदार आहे. ‘इंजिन ठणठणीत आहे’ असे खर्च टाळणारा मालकही म्हणतोच; आकडा त्या लोभाला लगाम घालतो. म्हणून अवस्थेवर विसंबायचे तर पुरावा हवा: ८० पौंड दाबाने हवा सोडून केलेली कॉम्प्रेशन चाचणी, कापून पाहिलेल्या फिल्टरमधील धातूचे कण, बोरस्कोपने टिपलेली व्हॉल्व्हची छायाचित्रे. तीही एकदाच नव्हे, वर्षानुवर्षे. एका चाचणीपेक्षा अनेक चाचण्यांचा कल अधिक बोलका असतो. ज्याच्याकडे अशा नोंदी नाहीत, त्याने आकडा निमूटपणे पाळावा.

१०/१०
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही शिस्त परकी वाटू नये. कागद किती जुना, एवढ्यावरून त्याची विश्वासार्हता ठरत नाही. तो कोणाच्या हातून गेला, त्यात काय बदलले आणि इतर नोंदींशी तो जुळतो का, हे पाहावे लागते. इंजिनालाही हाच न्याय लावायला हवा. फरक इतकाच की इथे निष्कर्ष चुकला, तर तो दुरुस्त करायला दुसरी आवृत्ती निघत नाही.