आगीतून फुफाट्यात जाण्यापूर्वी



झाशी आपल्याला परकी नाही. ३१ मार्च २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता. मुंबई, भुसावळ, नागपूरकडचे कितीतरी कर्मचारी बदलीवर तेथे गेले, काही तेथेच स्थायिक झाले. १ एप्रिल २००३ पासून हा विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. पण क्वार्टर्समधली मराठी घरे काही एका रात्रीत उठून गेली नाहीत. अशा घरांत पोरांच्या नोकरीची चर्चा निघाली की हमखास एक प्रश्न पुढे येतो : मुलगा फायरमन आहे, त्याने तेथेच राहावे की पोलिसात जावे? महाराष्ट्रातल्या आपल्या घरांतही हा प्रश्न आहेच. म्हणून त्यावर आमचे मत स्पष्टपणे मांडीत आहोत.

प्रथम झाशीची गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रात अग्निशमन दल हे मुख्यतः महापालिका आणि नगरपालिकांचे काम आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची जी कामे सांगितली, त्यांत अग्निशमन सेवा आहेच. उत्तर प्रदेशात मात्र हे दल गृहखात्याखाली, पोलिसांच्या जोडीने चालते. फायरमनची भरतीही तेथील पोलीस भरती मंडळच करते. मूळ वेतनश्रेणी पाहिली तर शिपाई आणि फायरमन एकाच पायरीवर उभे आहेत : २१,७०० रुपयांपासून सुरुवात. मुंबई महापालिकेने २०२२ साली अग्निशामकांच्या ९१० जागांची जाहिरात काढली, तीतही हाच आकडा होता. म्हणजे मूळ पगार वाढावा म्हणून कोणी फायरमनचा शिपाई होत असेल तर तो हिशेब चुकतो आहे.

मग माणूस जातो कशासाठी? त्याची कारणे खोटी नाहीत. पोलिसाच्या वर्दीला गावात वजन आहे, सोयरिकीच्या बोलण्यात तिला भाव आहे. शिपायाला हवालदार, पुढे फौजदार होण्याची शिडी डोळ्यासमोर दिसते. फायरमनची शिडी आखूड. वरच्या जागाच मोजक्या. आणि सर्वांत मोठे दुखणे असे की, आग लागेपर्यंत अग्निशमन दलाची आठवण कोणालाच येत नाही. आग लागली की मात्र उशीर का झाला म्हणून पहिला जाब विचारला जातो तो पाइप धरणाऱ्या माणसाला.

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. खिडक्या फोडून बालके बाहेर काढावी लागली. त्या रात्री दहा बालके गेली. पुढील दिवसांत वाचविलेल्यांपैकीही काही दगावली. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात असेच घडले, तेथेही दहा नवजात बालकांचा बळी गेला. इमारतीची वायरिंग कोणी तपासायची, परवाने कोणी द्यायचे, बाहेर पडण्याचे मार्ग कोणी मोकळे ठेवायचे, हे फायरमनच्या हाती नसते. त्याच्या हाती शिडी, पाइप आणि स्वतःचा जीव असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक कामी आले. ९ मे २०१५ ला काळबादेवीत ‘गोकुळ निवास’ जळाले, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. दरवर्षी १४ एप्रिलला आपण त्यांना मानवंदना देतो. पण उरलेल्या ३६४ दिवसांचे काय? या दुर्लक्षाला कंटाळून कोणी दल सोडले तर त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, तुम्हालाही नाही.

परंतु दुरून डोंगर साजरे. पोलिसाच्या वर्दीत काय आहे तेही पाहिले पाहिजे. बारा तास ड्यूटी, त्यावर बंदोबस्त, सणासुदीला रजा रद्द, ही शिपायाची रोजची कहाणी आहे. मुंबई पोलिसांत आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ साली! रेल्वे कामगार १९७४ च्या मे महिन्यात संपावर गेले तेव्हा आठ तासांचा दिवस ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्यानंतर चार दशकांनी आठ तास हा पोलिसासाठी ‘प्रयोग’ ठरला, यातच सारे आले.

भरतीची वाटही सरळ नाही. उत्तर प्रदेशात ६०,२४४ शिपायांच्या भरतीसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली; पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्यात खुल्या वर्गातील पुरुषाला शिपाईपदासाठी नेहमीची वयोमर्यादा २२ वर्षांची. त्या भरतीत तीन वर्षांची सवलत द्यावी लागली. चार-पाच वर्षे नोकरी केलेला फायरमन बहुधा या मर्यादेबाहेर गेलेला असतो. त्याला पदवी घेऊन फौजदाराच्या परीक्षेलाच बसावे लागते. तेव्हा हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याआधी वय, पात्रता आणि जाहिरात नीट वाचावी. अर्ज करायचाच तर कार्यालयामार्फत, रीतसर ना-हरकत घेऊन करावा. रागाच्या भरात राजीनामा टेबलावर ठेवू नये. आधीची सेवा आणि वेतन पुढे धरले जाते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वर्दी बदलताना माणूस आणखी एक गोष्ट दारात ठेवून आत जातो, आणि तिची चर्चा घरात कोणी करीत नाही. ती म्हणजे संघटनेचा हक्क. घटनेच्या ३३ व्या कलमाच्या आधारे १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर बंधने घालणारा कायदा झाला. परवानगीशिवाय युनियनचा सभासद होता येत नाही, निदर्शनात भाग घेता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बंधने वैध ठरविली. आपल्या रेल्वेतले उदाहरण समोरच आहे : १९८५ साली आरपीएफला सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला आणि दर्जाबरोबर ही बंधनेही आली.

बोलायची वाट बंद केली म्हणून गाऱ्हाणी संपतात काय? उत्तर प्रदेशातच मे १९७३ मध्ये पीएसीच्या जवानांनी बंड केले, सैन्य बोलवावे लागले आणि जूनमध्ये कमलापती त्रिपाठींचे मंत्रिमंडळ गेले. मुंबईत १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, नेत्यांना अटक झाली आणि शिपाईच रस्त्यावर उतरले. गिरणी संप चालू होता, त्याच वर्षी हे घडले. ज्याच्या हाती लाठी दिली, त्याच्या पोटाचा प्रश्न लाठीने सुटत नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

याउलट मुंबईचा अग्निशामक हा महापालिकेचा कामगार आहे. तो युनियनचा सभासद होतो, आपले म्हणणे मांडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही वारंवार म्हटले आहे की पोलिसांना जो अपवाद लागू होऊ शकतो तो अग्निशामकांना लावता येत नाही, त्यांना संघटनेचा हक्क असलाच पाहिजे. भारताने तो ८७ क्रमांकाचा करार अद्याप मंजूर केलेला नाही, ही आपल्यासाठी लढ्याचीच बाब आहे. आणि म्हणूनच झाशीसारख्या ठिकाणी अग्निशमनाला पोलिसांच्या दावणीला बांधून ठेवणे आम्हाला मान्य नाही. आग विझविणे ही नागरी सेवा आहे. तिला स्वतःचे मनुष्यबळ, स्वतःची बढतीची शिडी आणि स्वतःचा आवाज हवा.

तेव्हा आमचे मत असे : ज्याला पोलिसाचे कामच मनापासून करायचे आहे, तपास, बंदोबस्त, लोकांची फिर्याद ऐकणे हे ज्याला जमते, त्याने खुशाल जावे. शिपाईही घाम गाळणारा कामगारच आहे, आमचा त्याच्याशी वैरभाव नाही. पण फक्त रुबाबासाठी किंवा वरिष्ठाच्या रागाने जाऊ नये. ते आगीतून फुफाट्यात पडणे होईल. आणि जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की उद्या बापाच्या युनियनचा मोर्चा निघाला तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला त्याला उभे केले जाईल, आणि तेथे त्याला नाही म्हणता येणार नाही.

राहिले आपले काम. पोराला ‘तेथेच राहा’ असे सांगायचे असेल तर तेथे राहण्याजोगे करून द्यावे लागेल. रिकाम्या जागा भरा, ठेकेदारीवर फायरमन नेमू नका, आठ तासांची पाळी द्या, श्वसनसंच आणि अग्निरोधक कपडे प्रत्येकाच्या मापाचे द्या, ठरावीक वर्षांनी बढती द्या, ड्यूटीवर गेलेल्याच्या घरच्यांना नोकरी आणि पूर्ण भरपाई द्या : या मागण्या आपल्या शाखांच्या ठरावांत आल्या पाहिजेत. रेल्वेच्या यार्डात, टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात आग लागेल तेव्हा धावून येणारा तोच आहे. त्याची बाजू आपण आज घेतली नाही, तर त्याने दल सोडले म्हणून उद्या हळहळण्यात अर्थ नाही.