घरच्या घरी : फोटोची पांढरी किनार

आलापल्लीहून एका मैत्रिणीनं विचारलं आहे, 'लेकानं घरी प्रिंटर आणून दिला. फोटो छान येतात, पण भोवतीची पांढरी किनार काही केल्या सारखी येत नाही. डावीकडे बोटभर, उजवीकडे दोऱ्याएवढी! स्टुडिओ गाठायचा तर बसनं अर्धा दिवस जातो. काय करावं?'

बाई, हा त्रास मीही काढला आहे. प्रिंटरला शिव्या देण्याआधी एक फूटपट्टी घ्या अन् एक साधा कोरा कागद फोटो-कागदाच्या मापाचा कापून घ्या. चार बाय सहाचा कागद म्हणजे १०२ मिलिमीटर रुंद आणि १५२ लांब. पहिला फोटो या साध्या कागदावर काढायचा. महागाचे चकचकीत कागद चुका शिकण्यात घालवू नयेत.

आता चारही किनारी मोजा. डावी किनार वर ४ मिलिमीटर आणि खाली ६ भरली, तर कागद तिरका ओढला गेला. ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला अगदी भिडवा, पण कागद वाकेल इतक्या आवळू नका. आणि एका वेळी एकच कागद घाला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेनं कागदाची कड उचलते अन् तो हमखास वाकडा जातो. म्हणून पाकीट घट्ट बंद ठेवायचं, आणि वळलेला कागद तासभर जाड पुस्तकाखाली दाबून मगच वापरायचा.

कागद सरळ गेला, पण डावीकडे ३ आणि उजवीकडे ७ आले, तर फरक झाला ४. त्याच्या निम्मं, म्हणजे २ मिलिमीटर, चित्र उजवीकडे सरकवा. दोन्हीकडे ५ येतील. पुष्कळजणी पूर्ण ४ सरकवतात अन् पुन्हा दुसऱ्या बाजूला तेच रडगाणं! काही प्रिंटरांना कागदाच्या शेवटच्या पट्टीत छापताच येत नाही, त्यामुळे खालची किनार रुंद राहते. तिथे हट्ट करू नये. खालची जेवढी येते तेवढीच बाकी तिन्ही बाजूंना ठेवावी. 'बॉर्डरलेस' निवडून पांढरी किनार चित्रातच काढायची युक्ती कुणी सांगेल, पण त्या प्रकारात प्रिंटर चित्र थोडं फुगवतो अन् किनार खाऊन टाकतो.

इथवर यंत्राचं झालं. खरी गोम मापात आहे. चार बाय सहाच्या कागदावर चहूकडे ५ मिलिमीटर सोडले, तर आत उरतात ९२ बाय १४२. मोबाइलचा फोटो साधारण चारास तीन या मापाचा असतो. तो उभा ९२ रुंद केला, की लांबीला १२३ च्या आतच भरतो, आणि वरखाली जवळजवळ दीड-दीड सेंटिमीटर कोरं राहतं. किनार सारखी हवी म्हणून 'पान भरा' म्हटलं, की रुंदीतला जवळजवळ सातवा हिस्सा कापला जातो.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला मी हेच केलं. त्यांचा एकच तरुणपणचा फोटो घरात होता, १९७४ साली मार्कंड्याच्या जत्रेत काढलेला. मोबाइलवर घेतला, १२ प्रती काढल्या. चहूकडे किनार कशी दोरी धरल्यासारखी! मी अगदी खुशीत. सगळ्यांनी वाहवा केली. थोरल्या वन्संनी मात्र फोटो हातात धरला तो धरलाच. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, धाकटी कुठं गेली?"

सासूबाईंच्या हाताला धरून कडेला एक पोर उभी होती. ती पुढं तापानं गेली. तिचा दुसरा फोटोच नाही. माझ्या सारख्या किनारीपायी ती गळली होती. सासूबाईंच्या मुठीत तिची चार बोटं तेवढी उरली होती. रात्री बसून १२ही प्रती पुन्हा काढल्या.

तेव्हा कापण्याआधी चित्राच्या चारही कडा नीट न्याहाळा. कडेला नुसती भिंत, झाड असेल तर खुशाल कापा. माणूस असेल तर किनार वरखाली रुंद राहू द्या. डावी-उजवी सारखी असली की डोळ्यांना खुपत नाही. मी तर वर थोडी कमी आणि खाली जास्त ठेवते, लिहायला जागा होते.

जुना फोटो मोबाइलवर घेताना तो खिडकीजवळ सपाट ठेवा, ऊन थेट नको, फ्लॅश तर नकोच. मोबाइल अगदी समांतर धरा. तो कलला की चित्रच एका बाजूला निमुळतं होतं, मग किनार कितीही मोजा, वाकडीच दिसणार. जवळ स्कॅनर असला तर प्रश्नच नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर ए-फोर मापाचा फोटो-कागद घ्या. त्यावर एकाखाली एक दोन फोटो आडवे बसवा, भोवती कापायची फिकट रेघ छापा, आणि लोखंडी पट्टी धरून ब्लेडनं रेघेच्या किंचित आतून कापा. कात्री नको, हात हलतो. मला विचाराल तर हाच सर्वांत भरवशाचा मार्ग.

उन्हाळ्यात प्रिंटर महिनाभर बंद ठेवू नका. चंद्रपूरच्या उन्हात शाईची बारीक छिद्रं सुकतात अन् फोटोवर पट्टे येतात. आठवड्याला एखादं रंगीत पान काढावं. आणि बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा, भिंतीवरचं नव्हे. त्यानं छिद्रांवर झाकण बसतं.

फोटो निघाल्यावर रात्रभर उघडा वाळू द्या, लगेच अल्बममध्ये घालू नका. खालच्या किनारीवर पक्क्या शाईच्या बारीक पेनानं नावं लिहा, लिहिलेलं सुकेपर्यंत हात लावू नका. आमच्या फोटोखाली मी दोघींची नावं लिहिली, आणि 'मार्कंडा, जिल्हा गडचिरोली'. वन्संनी ते वाचून दुरुस्ती सांगितली, "१९७४ साली गडचिरोली जिल्हा कुठं होता? तो १९८२ च्या ऑगस्टात झाला. तेव्हाचा चंद्रपूर लिहा." त्यांचं बरोबर होतं. तेराव्यांदा प्रत काढली.